गॉलवेतला नाश्ता

आयर्लंडला जाऊन मोहेरचे समुद्रकडे पाहिले असं म्हटलं तर खोटं होईल. धुकं पाहिलं, चिंब भिजले, परत आले. डब्लिनचे तीन दिवसही सोडून देते. हॉटेलचं भाडं आठवलं की अजून झोप उडते.

लिहायचंय ते गॉलवेतल्या एका नाश्त्याबद्दल. सॉल्टहिलला पंचाहत्तरी उलटलेल्या एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. रविवार. बाई नुकत्याच चर्चमधून आलेल्या. तिथला फादर केरळचा. "आमची मुलं आता कुठली फादर होतायत!" टोस्ट पुढे सरकवत त्यांनी माझं गाव विचारलं. एरवी मी 'मुंबईजवळ' म्हणून सुटका करून घेते. त्या दिवशी का कोण जाणे, कोल्हापूर म्हणाले.

"बेळगावपासून लांब?"

घास तोंडातच राहिला.

बेळगाव त्यांना ठाऊक होतं ते सविता हलप्पनवारमुळे. बेळगावची ही दातांची डॉक्टर गॉलवेतच राहायची. ऑक्टोबर 2012 मध्ये 17व्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला. बाळ वाचणार नव्हतंच, पण ठोके चालू होते, म्हणून गर्भपाताला नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. वय 31.

मग बाई स्वतःचं सांगू लागल्या. 1972 ला लग्न झालं आणि पोस्टातली नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरीत राहायचं नाही, असा नियमच होता. तो पुढच्याच वर्षी उठला! 1983 च्या सार्वमतात, पोटातल्या बाळाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी त्यांनी 'हो'वर फुली मारली. फादर म्हणाले तसं. 2018 ला तीच दुरुस्ती काढून टाकायची का, असं विचारलं, तेव्हाही 'हो'च. पहिल्या वेळी 'हो' म्हणणारे 66.9 टक्के, दुसऱ्या वेळी 66.4.

"दोन्ही वेळा मी जिंकलेच की," म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

उठताना त्यांनी ते आडनाव मला नीट म्हणून दाखवायला सांगितलं. इतकी वर्षं आपण चुकीचं म्हणतोय, अशी त्यांना शंका होती. चार वेळा घोकलं, पाचव्यांदा जमलं.

मी बेळगावला वर्षातून दोनदा तरी जाते. कुंदा आणते. तिथे असताना सविता एकदाही आठवली नव्हती.