बाकडी का नाही बसवत?

ज्येष्ठ नागरिक संघात बोलायला गेले की चहा यायच्या आत हा प्रश्न येतोच. गेल्या खेपेला एका काकांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "ताई, तुमच्या ट्रस्टकडे पैसे आहेत, तर बागेत चार बाकडी बसवा की. संशोधनाला देऊन कुणाचं भलं झालंय?" मागून एका काकूंनी जोड दिली, "आणि तुम्ही तर बँकेतल्या. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

काकूंचं उत्तर छोटं आहे: फारसं कळत नाही. मी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात काढली. आता म्हातारपण आणि व्यायाम यांवरच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या एका छोट्या ट्रस्टची अध्यक्ष आहे. ट्रस्ट मामांचा, आणि मामांना त्यांच्या भाच्यांमध्ये हिशेब येणारी मी एकटीच दिसले, एवढंच.

काकांचं उत्तर जरा लांब आहे, कारण ते मामांपासून सुरू होतं.

मामा शाळेत पीटीचे सर. आयुष्यभर पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी लवकर उभं करा म्हणून बजावलं होतं. पण घरी आणल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना झोपवून ठेवलं. "या वयात कशाला जिवाला त्रास," असं म्हणत पाणीसुद्धा हातात दिलं. प्रेमानेच केलं सगळं. दोन महिन्यांत मांड्या अशा झाल्या की पायजमा काठीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. मग एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. तिने जेवणाच्या टेबलाची सागवानी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "सर, हात न टेकता उठा." सरांना जमेना. सूर्यनमस्कारवाले मामा त्या खुर्चीत बसून रडले. आठ महिने लागले, पण उठले.

शहराजवळची जमीन विकून आलेल्या पैशांचा ट्रस्ट त्यांनी त्यानंतर केला. वकिलांनी हेतूच्या कलमात भरपूर मजकूर घातला, पण मामांनी आपलं एक वाक्य सोडलं नाही: "म्हातारी माणसं आपल्या पायांवर उभी राहावीत यासाठी." त्यांच्या माघारी या वाक्याचा अर्थ लावत आम्ही विश्वस्त तीन बैठका भांडलो. बाकडं सुचवणारे आमच्यातही होते. मी म्हटलं, वाक्यात 'उभी राहावीत' आहे, बाकडं तर बसायला असतं. कुणी हसलं नाही.

त्या भांडणातच मी वाचायला लागले. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये पाच धडधाकट पोरांना, वय वर्षं २०, तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. हृदय किती रक्त ढकलतं, शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. पन्नाशीला आलेल्या, पोट सुटलेल्या त्या पाचांपैकी एकाचीही ऑक्सिजन वापरण्याची क्षमता विशीतल्या त्या तीन आठवड्यांनंतर होती त्यापेक्षा कमी भरली नाही. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं नाही तेवढं तीन आठवड्यांच्या झोपण्याने नेलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही मामांचं काय केलं होतं ते आकड्यात समोर आलं.

आणि बॉस्टनचा प्रयोग. मारिया फियाटारोने यांनी १९९० साली तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून, सरासरी वय ९०, आठ आठवडे पायांनी चांगलं जड वजन उचलून घेतलं. नऊ जणांनी तो शेवटपर्यंत केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. चार वर्षांनी शंभर जणांवर मोठा प्रयोग झाला, तेव्हा काहींना व्यायामाऐवजी नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं. त्या नुसत्या पेयाने अशक्तपणा हटला नाही. (प्रोटीन पावडरचे डबे परदेशातून पाठवणाऱ्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

यावर काकांसारखा हुशार माणूस लगेच म्हणतो, मग कळलंय की सगळं! आता आणखी कशाला पैसे घालायचे?

कारण ती बॉस्टनची नव्वदीतली माणसं होती, आपली नव्हेत. पुण्यातल्याच मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो आहे, लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर काढलेला, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून इतकी वेगळी. बारीक अंगकाठीच्या आपल्या आजीच्या दंडात स्नायू किती, तिने किती वजन उचलावं, हे परदेशी तक्त्यावरून कसं ठरणार? शिवाय आमच्या आज्या अजून जमिनीवर मांडी घालून जेवतात, पाटावरून उठतात. त्याचा पायांना फायदा होतो की फक्त गुडघे झिजतात, यावर दोन डॉक्टर दोन मतं ठामपणे देतात. देवनारच्या लोकसंख्या संस्थेने २०१७-१८ साली देशभरात ४५ च्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली, मुठीची ताकदसुद्धा मोजली. म्हणजे आपली माणसं कुठे उभी आहेत ते कळायला लागलंय. त्यांच्याबाबतीत काय केल्याने फरक पडतो, हे काम पुढचं आहे, आणि त्यात आमच्यासारख्या चिल्लर ट्रस्टला जागा आहे. अमेरिकेत १९८१ साली डॉ. आयर्विंग राइट यांनी काढलेल्या वार्धक्य संशोधनाच्या फेडरेशनने तरुण संशोधकांना पहिलं अनुदान देण्यावरच भर दिला. ज्याला अजून कुणी पैसे देत नाही त्याला द्यायचे. ही चाल मी तिथून उचलली आहे.

आता मी काय करते ते. बहुतेक वेळ 'नाही' म्हणते. बँकेत मी विचारायचे, पैसे परत कसे येणार? इथे विचारते, तुमच्या व्यायामाने काही फरक पडला नाही असं निघालं तर ते छापणार का? जो गडबडतो त्याचा अर्ज मी बाजूला ठेवते. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही माणसांवरच्या प्रयोगांची नोंदवही कुणालाही बघता येते. त्यात काय मोजणार हे आधी लिहा, नैतिकता समितीचं पत्र आणा, मग पहिला हप्ता. घरबांधणीच्या कर्जासारखंच, पाया दिसल्याशिवाय स्लॅबचे पैसे नाहीत. एका विश्वस्तांचा मुलगा व्यायामाची यंत्रं विकतो. यंत्राचा विषय निघाला की ते स्वतः उठून गॅलरीत जातात. सुरुवातीला मला त्यांना सांगावं लागलं होतं, आणि तो दिवस काही सुखाचा नव्हता.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते भाषणांवरून. एका अर्जात निम्म्या ज्येष्ठांना व्यायाम आणि निम्म्यांना फक्त आरोग्यावरची व्याख्यानं, असं होतं. आमच्यातले सर्वांत वडील विश्वस्त भडकले, "निम्म्यांना नुसती भाषणं ऐकवायची? मामांनी यासाठी ठेवलेत पैसे?" मी त्यांना अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगाचा कागद दाखवला, २०१४ चा. सत्तर ते एकोणनव्वद वयाचे १६३५ लोक, निम्मे चालणं-व्यायामात, निम्मे व्याख्यानांत, सरासरी २.६ वर्षं. ४०० मीटर चालणंही जमेनासे झालेले व्यायामवाल्यांत ३०.१ टक्के, व्याख्यानवाल्यांत ३५.५. दुसरा गट नसता तर आपण टाळ्या पिटल्या असत्या की व्यायामाने सत्तर टक्के चालते राहिले. त्यातले बहुतेक नुसत्या भाषणांवरही चालतेच राहिले असते. व्यायामाचा वाटा सुमारे पाच टक्क्यांचा, खरा पण तेवढाच. त्यांनी कागद दोनदा वाचला. शेवटी ठरलं की प्रयोग संपल्यावर व्याख्यानवाल्यांनाही आमच्या खर्चाने व्यायाम शिकवायचा. ती अट त्यांनी घातली, आणि ती माझ्या डोक्यात आली नव्हती.

उरली ३१ मार्च. ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्चावे, नाहीतर विशिष्ट कामासाठी म्हणून लिहून देऊन पाच वर्षांपर्यंत साठवावे, असा आयकराचा नियम. म्हातारपण काही मार्चअखेर बघून येत नाही. संशोधकाला माणसं गोळा करायलाच वर्ष लागतं. पावसाळ्यात आजोबा यायचे थांबतात, दिवाळीत आजी मुलीकडे जातात. दर फेब्रुवारीत आमचे सीए आणि मी समोरासमोर बसतो आणि दर वेळी त्यांच्या डोळ्यांत 'बाकडी बसवा' हेच दिसतं.

आणि ते सीए बसतात तेही मामांच्याच त्या खुर्चीत. त्याचं असं झालं, पहिलं अनुदान दिलं तेव्हा मी भारावून ती सागवानी खुर्ची प्रयोगाला भेट दिली. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, ही चाचणी त्यात होती. संशोधक मुलीने नमस्कार केला, पिशवीतून टेप काढला, मोजलं, आणि कसंनुसं हसत म्हणाली, "मॅडम, चाचणीला सतरा इंच लागते. ही एकोणीस आहे." खुर्ची रिक्षातून परत आली.