आईचा अंगठा आणि शर्लीचा अंगठा

गेल्या महिन्यात आईला घेऊन रेशनच्या दुकानात गेलो होतो आणि नेहमीप्रमाणे मशीनला तिचा अंगठा लागेना. भांडी घासून घासून रेषाच गेल्यात. दुकानदार म्हणतोय काकू ओल्या फडक्याला पुसून लावा, दुसरं बोट लावा, मागची लाइन चुळबुळतेय, आणि आई शेवटी वैतागून म्हणाली, "अरे मीच आहे मी!"

तेव्हा मला शर्ली मॅकी आठवली. तिचं उलटं झालं होतं, ती म्हणत होती हा माझा अंगठा नाही आणि कोणी ऐकेना.

ही स्कॉटलंडमधली गोष्ट. जानेवारी १९९७ मध्ये किलमार्नॉकला मॅरियन रॉस नावाच्या बाईंचा घरात खून झाला. शर्ली तपासाच्या टीममधली पोलीस. बाथरूमच्या दाराच्या चौकटीवर एक ठसा सापडला आणि चार एक्सपर्ट्सनी सांगितलं, हा शर्लीच्या डाव्या अंगठ्याचा. शर्ली म्हणाली मी घरात पाऊलच टाकलेलं नाही. कोर्टात शपथेवरही तेच सांगितलं, मग काय, तिच्यावरच खोट्या साक्षीची केस! वडील रिटायर्ड पोलीस अधिकारी, म्हणजे ज्या खात्यात आयुष्य काढलं त्याच खात्याशी भांडायची वेळ.

तेव्हा तिथे सोळा पॉइंट्सचा नियम होता. रेष कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा सोळा जागा जुळल्या की ठसा पक्का. ऐकायला एकदम भक्कम वाटतं ना? पण पुसट ठशात सोळा जागा 'शोधायला' बसलं की त्या सापडतातही, लहानपणी आपण बोटावर ओढूनताणून चक्र मोजायचो तसंच. आणि खरी गोम अशी की सोळा जागा जुळल्या तरी एक ठळक फरक जर कशानेच समजावता येत नसेल तर ती सोळाही गेली पाण्यात.

१९९९ मध्ये अमेरिकेतून पॅट वर्थाइम आणि डेव्हिड ग्रीव्ह हे दोन एक्सपर्ट आले आणि त्यांनी कोर्टात सांगितलं की हा ठसा तिचा नाही. ज्यूरीने एकमताने सोडलं तिला. त्यांच्याकडे काही जादूचं मशीन नव्हतं हो, तोच ठसा, तेच भिंग. मला राहून राहून वाटतं की आधी चारजणांनी सह्या केल्यावर पाचव्याला 'नाही' म्हणणं किती जड जात असेल, म्हणून दुसऱ्यांदा तपासणाऱ्याला पहिल्याचं उत्तर कळूच देऊ नये. शाळेत फेरतपासणीला आधीचे मार्क झाकतात की नाही, तसं.

याच केसमध्ये डेव्हिड अ‍ॅस्बरी नावाच्या तरुणाला जन्मठेप झाली होती, त्याच्याकडच्या एका डब्यावर मॅरियन रॉसचा ठसा मिळाला म्हणून. शर्लीच्या ठशात घोळ म्हटल्यावर तो डब्यावरचाही परत बघितला गेला, आणि तोही चुकीचा! २००२ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. शर्लीला २००६ मध्ये साडेसात लाख पौंड मिळाले, पण पोलिसातलं करिअर तर गेलंच ना. २०११ च्या चौकशी अहवालात आलं की कट वगैरे नव्हता, माणसांची चूक होती, आणि ठसा जुळणं हे यापुढे एक्सपर्टचं मत समजा, अंतिम सत्य नाही.

मॅरियन रॉसच्या खुनासाठी मात्र त्यानंतर कोणालाच शिक्षा झालेली नाही.