हा खराटा आहे

शाळा व्यवस्थापन समितीला प्रशिक्षण द्यायला निघाले तेव्हा पिशवीत दोन दिवसांचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक होतं. मराठवाड्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, चौथीच्या वर्गात अंथरलेल्या सतरंज्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. होत्या की! भिंतीला टेकून, पदर सावरून. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा असतो, पण इथं तयार कागदावर सही घ्यायला रजिस्टरच घरोघर फिरायचं.

मला इम्प्रोव्हचं, म्हणजे संहितेशिवाय ऐनवेळी सुचेल तसं नाटक रचण्याचं, नवंनवं वेड लागलेलं. त्यातलं पहिलं सूत्र ‘हो, आणि…’. समोरच्यानं मांडलेलं आधी घ्यायचं, मग त्यात आपली भर घालायची. व्हायोला स्पोलिन या बाईंनी शिकागोत असे कितीतरी खेळ रचले, तेही ज्यांची भाषा आणि रीतिरिवाज वेगवेगळे अशा मुलांना एकत्र आणण्यासाठी. मग आपल्याकडे का नाही चालणार?

पहिल्या दुपारी सहल ठरवायचा खेळ घेतला. माजी सरपंच म्हणाले, “पंढरपूरला जाऊ.” शेजारचे म्हणाले, “हो, आणि पंढरपूरला जाऊ.” मग पुढच्या बाई, “हो, आणि दादा म्हणतात तसं.” बावीस माणसं आणि एकच पंढरपूर! ज्यांना आयुष्यभर ‘हो’च म्हणायला लावलं, त्यांना मी खेळातही तेच म्हणायला लावत होते. ‘आणि’पर्यंत कुणी पोचलंच नाही. इम्प्रोव्हच्या पुस्तकांत ही अडचण फारशी येत नाही. तिथली माणसं बहुधा ‘नाही’ म्हणायला सरावलेली असतात.

रात्री वेळापत्रक बाजूला ठेवलं.

सकाळी ‘शिवाजी म्हणतो’ घेतलं, पण उलटं. शिवाजी म्हणतो बसा, की उभं राहायचं. चुकलं तर बाद नाही, दोन्ही हात वर करून “चुकले!” ओरडायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिली चूक मी मुद्दाम केली. दुसरी खरोखरच झाली, आणि तिला टाळ्या जास्त पडल्या. मुख्याध्यापक सर चुकले तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ते पुन्हा चुकले तेव्हा पदर न लावता.

मग कोपऱ्यातला खराटा गोलात फिरवला. हा खराटा नाही, मग काय आहे? कुणी वीणा केली, कुणी बंदूक, एकीनं नवऱ्याची मिशी. सरांच्या हातात आला तसे ते ताठ झाले. “मॅडम, हा खराटा आहे. शाळेला शिपाई नाही, म्हणून तो इथं आहे.”

सगळे गप्प. नियम मोडला म्हणून हसून पुढे सरकायचा मोह मला झाला होता. पण तमाशातला सोंगाड्या प्रेक्षकांतून आलेली हरकतच उचलतो आणि तिच्यावरच बतावणी रंगवतो. मी म्हटलं, “हो, हा खराटा आहे. आणि?”

“आणि तो आमच्या पोरी मारतात,” भिंतीकडची एक आई म्हणाली. “पोरं नाही.”

“आणि संडासात पाणी नाही, म्हणून तिथं मारतच नाहीत.”

“आणि म्हणून माझी दुपारीच घरी येती.”

सरांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता बिनसणार. मी त्यांच्याकडे बघून नुसतंच “आणि?” म्हटलं. ते थोडा वेळ खराट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि टाकी आहे. नळजोडणी राहिली आहे. मी दोनदा लिहिलंय, पण समितीचा ठराव कधी जोडला नाही.”

त्यानंतरचा दीड तास मी जवळजवळ काहीच केलं नाही. फळ्यावर लिहायचा खडूही दुसऱ्याच बाईंच्या हातात होता. नळजोडणीचा ठराव झाला. साफसफाईची पाळी मुलगे-मुली दोघांनाही लावायची ठरली, त्यावर माजी सरपंचांनी दोनदा घसा खाकरला, पण ‘नाही’ म्हणाले नाहीत. (पंढरपूरची सहलही आराखड्यात आली, तो मान त्यांचा.)

संध्याकाळी अहवाल भरायला बसलो. हे खेळ कुठल्या शीर्षाखाली लिहायचे, यावर आमचं दोघांचं डोकं चालेना. शेवटी ‘वापरलेले साहित्य’ या रकान्यात सरांनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं : खराटा, १ नग.