मुक्काम पोस्ट राऊटर

रविवारी दुपारी जेवून आडवं व्हायचं सोडून मी स्टुलावर चढलो आणि टीव्हीमागच्या राऊटरवरची धूळ पुसली. पुसताना वायर निघाली. परत लावली. तेवढ्या अर्ध्या मिनिटात आमचा पत्ता बदलला.

बोरिवलीचा नव्हे, इंटरनेटवरचा. राऊटर बंद-चालू झाला की कंपनी बहुधा नवा आकडा हातात ठेवते. जुन्या पद्धतीचे हे आकडे जगात मिळून सुमारे 430 कोटीच, त्यामुळे ते असे भाड्यानेच मिळायचे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळे फोटो आहेत, ते ऑफिसातून बघता यावेत म्हणून माझी खटपट. भाचा म्हणाला, “मामा, डीडीएनएस लाव ना. आकड्याला एक नाव मिळतं, ते नाव कायम राहतं. आकडा बदलला की राऊटरच कळवतो.”

राऊटरच कळवतो! मला एकदम बाबाच दिसले.

गिरगावातली आमची चाळ पुनर्बांधणीला गेली आणि आम्ही अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर फिरू लागलो. दहिसर, कांदिवली, परत दहिसर. दर वेळी पलंगाची फळी जिन्यात अडकलेली असायची, आई गॅसची नळी शोधत असायची, टेम्पोवाला घाई करत असायचा, आणि बाबा ट्रंकेवर बसून पोस्टकार्डं लिहीत असायचे. ‘सा. न. वि. वि. आमचा पत्ता आजपासून खालीलप्रमाणे.’ पिनकोडाखाली दोन रेघा. पिनकोड म्हणजे तर घरचंच कार्य. तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस, हे बाबा नव्या पोस्टमनलासुद्धा ऐकवत. पण 400004 ऐवजी 400068 लिहिताना त्यांचा हात किंचित थांबे. मग एकदम भरभर लिहीत.

आई म्हणायची, “अहो, आधी पंखा तरी लावून घ्या.” बाबा म्हणायचे, “पंख्याला पत्र येत नाही.”

सगळं कळवूनही मावशीची पत्रं चाळीच्याच पत्त्यावर जायची. तिच्या डायरीत आम्ही शाईने लिहिलेले होतो आणि शाईवर काट मारणं तिला अपशकुनी वाटे. आता राऊटरच्या पडद्यावर कळलं की ह्यालाही मुदत असते. नाव आणि आकडा यांची जोडी बाकीच्यांनी किती वेळ लक्षात ठेवायची ते ठरवून देतात. माझ्या खात्यात 60 सेकंद होते. मावशीची मुदत वीस वर्षं होती.

तर नाव नोंदवलं, पासवर्ड दोनदा चुकवला, शेवटी हिरवी खूण आली. खाली उतरून रस्त्यावर गेलो, मोबाईलचं वायफाय बंद केलं आणि ते नाव टाकलं. काही नाही. नुसतं चक्र फिरत राहिलं.

भाच्याने राऊटरचा आकडा विचारला. 100.72 ने सुरू होत होता. तो हसला. म्हणाला, हा आकडा बाहेरचा नाहीच, कंपनीच्या आतला आहे. बाहेर एकच पत्ता, आणि त्यामागे माझ्यासारखी कितीतरी घरं. म्हणजे आम्ही अजून ‘द्वारा श्री. अमुक’च! खोली नंबर नसलेलं पत्र घेऊन पोस्टमन चौकात उभा आहे, आणि वर गॅलरीत मी हात करतोय तर त्याला दिसत नाही. स्वतःचा कायमचा आकडा हवा तर महिन्याला वेगळे पैसे. बघू.

राऊटरला यातलं काही माहीत नाही. तो आकडा बदलला की इमानाने कळवतोच आहे.

बाबांनी शेवटची कार्डं हॉस्पिटलात लिहिली. दहा आणायला सांगितली होती. मजला, वॉर्ड, खाटेचा नंबर, सगळं व्यवस्थित. पिनकोडाखाली दोन रेघा, जरा वाकड्या. ती मी टाकली नाहीत. म्हटलं, दोन दिवसांत घरीच तर यायचंय.