उंचावरची ऊठबस

दिवसाचे काम संपले की ऑपरेटर टॉवर क्रेनच्या वळणाचा ब्रेक मोकळा करतो आणि मगच खाली उतरतो. तिची लांबलचक आडवी भुजा जखडून ठेवली, तर जोराचा वारा तिच्यावर आडवा आदळून सगळा डोलारा उलथवू शकतो. मोकळी सोडली, तर ती वाऱ्याबरोबर फिरते आणि त्याला कमीत कमी अंग देते. हे शास्त्र ठाऊक असूनही, आसपासच्या पाच-सहा क्रेन सुट्टी होताच वाऱ्याकडे पाठ करून एकाच दिशेला तोंडे वळवतात, तेव्हा मला शास्त्राचा सोयीस्कर विसर पडतो. दिवसभर निरनिराळ्या मालकांची कामे उपसणाऱ्या या मंडळींनी आता एकमेकींना गाठले आहे आणि तिकडे दूरवर काहीतरी पाहण्याजोगे चालले आहे, अशीच माझी खात्री पटते.

कामाच्या वेळात मात्र त्यांचे वागणे कमालीचे औपचारिक असते. शेजारच्या दोघींच्या भुजांची वर्तुळे एकमेकांत शिरणार असतील, तर त्यांची उंची मुद्दाम कमीजास्त ठेवतात, म्हणजे एकीची भुजा दुसरीच्या भुजेखालून निघून जाते. पण वरचीचा दोर खालचीच्या वाटेत लोंबत असतोच. म्हणून टक्कर टाळणारी यंत्रणा बसवतात, जी दोघी फार जवळ येऊ लागल्या की आधी वेग कमी करते आणि तरीही भागले नाही तर हालचालच थांबवते. आपल्याकडे हे काम भिडेवर सोपवलेले असते, आणि तिचा भरवसा काय द्यावा! शेजारच्या जागेवरून भुजा फिरवायला परवानगी नसेल, तर आडव्याऐवजी तिरपी, वर उचलता येणारी भुजा असलेली क्रेन आणतात. ती मला जरा शिष्ट वाटते. कोणाच्या हद्दीत न डोकावता, नाक वर करून ती आपल्यापुरत्या वर्तुळात वळते.

या एकमेकींशी बोलत असतील, तर उंचीविषयीच बोलत असतील. उंची वाढवण्याचे तंत्र आहेही बढाई मारण्याजोगे: हायड्रॉलिक जॅकच्या जोरावर क्रेनचा माथा वर उचलला जातो, आणि मधे पडलेल्या जागेत बसवायचा खांबाचा नवा तुकडा क्रेन स्वतःच्याच हुकाने वर आणते. फक्त एक गोष्ट तिथे कोणी काढत नसेल. ठरावीक उंचीनंतर प्रत्येकीला, आपणच उभ्या केलेल्या इमारतीला पोलादी आधारांनी बांधून घ्यावे लागते, नाहीतर उभे राहणेच कठीण.

बोलण्यासाठीची त्यांची ढबही आयती आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांचे वजन मागच्या बाजूला असल्यामुळे हूक रिकामा असताना क्रेनचा खांब किंचित मागे झुकतो. जड भार घेतला, की पुढे. म्हणजे निवांत असताना त्या खरोखरच मागे रेललेल्या असतात.

अशा बैठकीत एका पूर्वजेचे नाव आदराने निघत असावे. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलचे बांधकाम मध्येच थांबले आणि दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावरची मध्ययुगीन लाकडी क्रेन शतकानुशतके तशीच उभी राहिली. बांधकाम पुन्हा सुरू झाल्यावर १८६८ मध्ये ती उतरवली गेली, आणि १८८० मध्ये कॅथीड्रल पूर्ण झाले. इतका काळ बिनकामाचे उभे राहूनही जिला कोणी हलवले नाही, तिचा आजच्या भाड्याने फिरणाऱ्या क्रेनना हेवाच वाटेल.

कारण आजच्या क्रेनची रवानगी ठरलेली असते. उंच इमारतीच्या माथ्यावर अडकलेल्या मोठ्या क्रेनला खाली कसे आणायचे, याचे एक उत्तर असे, की तिनेच एक लहान क्रेन वर उचलून घ्यायची. ती लहान मग मोठीचे तुकडे करून खाली सोडते, तिला उतरवायला आणखी लहान येते, आणि शेवटची इतकी लहान असते की तिचे सुटे भाग लिफ्टमधून नेता येतात. मोठींच्या साऱ्या भानगडी हिलाच ठाऊक असणार, आणि लिफ्टमध्ये तर गप्पांना जोडीदारही मिळतात.