हाड जुळलं, भीती राहिली: माझा अनुभव

प्लास्टर निघालं, मी चालायला लागलो आणि घरच्यांना वाटलं, सुटलो. पण पारोळा-धुळे रस्त्यावर ट्रकने मोटरसायकल उडवली ती रात्र माझ्यापुरती चालूच होती. एअर ब्रेकचा फुस्स आवाज आला की तळहाताला घाम फुटायचा. हायवे नको म्हणून आडरस्त्याने जायचो. आईने मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, "बाहेरनं लागनं शे याले" म्हणाली. मी अडवलं नाही, तिच्या हातात होतं ते ती करत होती.

जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी नाव सांगितलं: पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनात राहून जाणाऱ्या धक्क्याचा आजार. अमेरिकेत १९८० साली या आजाराला अधिकृत यादीत जागा मिळाली, आणि त्यामागे व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. मेंदूतला अमिग्डाला धोका ओळखतो, हिप्पोकॅम्पस आठवणीला जागा आणि वेळ जोडतो. जिवावरच्या प्रसंगात ही जोडणी नीट होत नाही, म्हणून आठवण जुनी न वाटता आत्ताच घडतेय असं वाटतं. हे कळलं तेव्हाच मला निम्मा धीर आला. मी भित्रा नव्हतो.

सर्ट्रालिन या नैराश्य-चिंतेवरच्या औषधाची गोळी सुरू झाली. पण खरं काम बोलण्याचं. या पद्धतीला प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर म्हणतात, म्हणजे भीती टाळण्याऐवजी तिला हळूहळू सामोरं जाणं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी ती विकसित केली, साधारण ८ ते १५ सत्रांची. डोळे मिटायचे आणि ती रात्र "आता घडतंय" अशी सांगायची, पुन्हा पुन्हा. मॅडम मध्येच विचारायच्या, "भीती शंभरात किती?" ते बोलणं रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. सुरुवातीला त्रास वाढला, आणि हे आधी सांगितलं नसतं तर मी उपचार सोडलेच असते. म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

माझी गोष्ट आधी हेडलाइटच्या उजेडापाशीच थांबायची. सांगता सांगता पुढचं आठवलं: एका टेम्पोवाल्याने माझं डोकं मांडीवर घेऊन स्टीलच्या डब्यातून पाणी पाजलं होतं, "भो, डोळा मिटू नको" म्हणत होता. त्या रात्रीला शेवट होता, आणि मी त्यात जिवंत होतो.

टाळलेल्या गोष्टींची यादीही केली होती, सोप्यापासून अवघडाकडे. आधी हायवेच्या कडेला चहा, मग दिवसा भावाच्या मागे बसून धुळे. रात्री एकट्याने गाडी चालवणं अजून बाकी आहे. जळगावला जाणं जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-मदतीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.