तेल गरम झालं आणि हिशेब चुकला

जानेवारीतली गोष्ट. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या शॉपमध्ये पंपाचे सील तपासायची रिग बनवत होतो. उभा शाफ्ट, त्रिज्या 50 मिमी. भोवती स्थिर हाउसिंग, मधे 2 मिमीची फट, तीत 32 ग्रेडचं हायड्रॉलिक तेल, 150 मिमी उंचीपर्यंत. मोटर 1440 आरपीएमची. शेठ म्हणाले, "तेल घुसळण्यात किती ताकद जाते आणि प्रवाह टर्ब्युलंट, म्हणजे सैरभैर, कधी होतो, ते कागदावर दाखव. गिऱ्हाईक विचारतंय."

डिप्लोमाला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मी काठावर पास झालो होतो, हे शेठना ठाऊक नव्हतं.

प्रवाह शांत की सैरभैर हे सांगणारा रेनॉल्ड्स नंबर काढायचा एवढं आठवत होतं. शाफ्टच्या पृष्ठभागाचा वेग गुणिले फट, भागिले तेलाचा चिकटपणा. पहिल्याच फटक्यात 1440 ला 0.05 ने गुणलं आणि वेग आला सेकंदाला 72 मीटर. ताशी 260 किलोमीटर! आग्रा हायवेवर ट्रॅव्हल्सवालेसुद्धा एवढे सुटत नाहीत. आरपीएमचे आधी रेडियन प्रतिसेकंद करायचे असतात, 2π ने गुणून 60 ने भागून. ते केल्यावर 150.8 आले आणि वेग 7.54 मीटर. 32 ग्रेड म्हणजे 40 अंशांना चिकटपणा 32 सेंटीस्टोक (चिकटपणाचं एकक). नंबर आला 471.

टर्ब्युलंट व्हायला 2300 लागतात, हे तर पाठच होतं. मी खुशाल लिहिलं, "प्रवाह लॅमिनार," म्हणजे शांत, थराथरांचा. लॅमिनारचं सूत्र वापरून टॉर्कही, म्हणजे पिळाचा जोर, काढला.

पडताळा घ्यायला हाउसिंग बेअरिंगवर मोकळं ठेवलं, त्याला 250 मिमीचा दांडा लावला आणि दांड्याचं टोक आईच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवलं. सकाळी साडेसातला तेल 20 अंशांवर होतं. एवढ्या गारठ्यात हेच तेल 86 सेंटीस्टोकच्या आसपास दाट होतं. काट्यावर 270 ग्रॅम, सूत्रातही जवळपास तेवढेच. मी हवेत. दोन तास रिग चालली, तेल 40 अंशांवर गेलं. सूत्राप्रमाणे काटा 100 वर यायला हवा होता. तो 160 वर अडून बसला.

बेअरिंग बदललं, दांडा पुन्हा मोजला, काट्याचे सेल बदलले. आमचे फिटर मामा म्हणाले, "तेलात पाणी असंल." तेलही बदललं. सकाळी जुळायचं, दुपारी नाही. आठवडा असाच गेला.

शेवटी गंगापूर रोडला डिप्लोमाच्या सरांच्या घरी गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि 2300 भोवती गोल केला. "हा आकडा नळीतल्या प्रवाहाचा. रेनॉल्ड्सने 1883 मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून पाहिलं, त्या घराण्यातला. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं यावर आपण नाशिकचा पूर मोजतो. तीच खूण पैठणला चालेल का?"

मग सरांनी टेलर समजावला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर, 1923. शाफ्टला चिकटलेलं तेल जोरात फिरतं, त्याला बाहेर फेकलं जायचं असतं. बाहेरच्या भिंतीजवळचं तेल संथ, ते त्याला थोपवू शकत नाही. चिकटपणा पुरेसा आहे तोवर सगळं धरून राहतं. (उलट हाउसिंग फिरवलं आणि शाफ्ट स्थिर ठेवला तर बाहेरचंच तेल जोरात असतं, ही ओढाताण होतच नाही. हे मला अजूनही गमतीचं वाटतं.) म्हणून इथे रेनॉल्ड्स नंबरला (फट भागिले त्रिज्या) याच्या वर्गमुळाने गुणायचं. आमचं 2 भागिले 50, त्याचं वर्गमूळ 0.2. म्हणजे 471 चे झाले 94. आणि मर्यादा 2300 नव्हे, साधारण 41!

सकाळच्या दाट तेलाला तोच हिशेब लावला, 35 आले. 41 च्या खाली, म्हणून सकाळी सूत्र जुळायचं; दुपारी 94, म्हणून नाही. आठवडाभराचं कोडं तिथेच सुटलं.

पण 41 ओलांडलं म्हणजे टर्ब्युलंट झालं का? मी तेच लिहायला निघालो होतो, सरांनी पेन धरलं. तिथे फक्त भोवऱ्यांची कडी सुरू होतात, नीटनेटकी. वेग वाढवला की ती नागमोडी होतात. बारीक फटीत टर्ब्युलंट म्हणायचं ते साधारण 400 नंतर. आमच्या रिगला 40 अंशांच्या तेलात त्यासाठी 6100 आरपीएम लागले असते. आमची मोटर तिथे जाणारच नाही.

दुसऱ्या दिवशी तेल 40 वर ठेवून व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राने) वेग हळूहळू वाढवला. 600 आरपीएमपर्यंत काट्याच्या आकड्यांचा आलेख सरळ रेष, 650 च्या पुढे वर वळला. कागदावर 630 आले होते.

मामांचा तरी विश्वास बसेना. मग ॲक्रेलिकचं हाउसिंग टर्न करून घेतलं आणि तेलात सिल्व्हर पेंटची चिमूटभर पावडर टाकली. वेग वाढला तशी शाफ्टभोवती एकावर एक चंदेरी कडी उमटली, हातभर चुडा भरावा तशी. प्रत्येक कडं फटीएवढंच, जेमतेम 2 मिमी उंच. मामा चष्मा पुसून पुन्हा वाकले. शेठनी मोबाइलवर व्हिडिओ काढून गिऱ्हाइकाला पाठवला. कागद मात्र कोणी मागितला नाही.

काट्याला अजून तेलाचा वास येतो, त्यामुळे आईने नवा घेतला.